उलट्या रायफलीचा पहारा

माझ्या तळहातांना घाम येतो. आत्मकथनातलं प्रकरण सुरू करावं इतकं हे वाक्य थोर नाही, हे मला कळतं. पण माझ्या बहुतेक फजित्यांचा उगम शोधत गेलं की माणूस शेवटी माझ्या तळहातांपाशीच येऊन थांबतो. परीक्षेत माझा पेपर कोपऱ्यांशी ओला होऊन फाटायचा. लग्नात बायकोचा हात हाती घेतला तेव्हा तिच्या तोंडून संसारातला पहिला शब्द निघाला तो "अय्यो!" आणि आता या वयात बँकेतलं ते अंगठ्याचं यंत्र मला ओळखत नाही. नातू म्हणतो, "आजोबा, नीट पुसा की." पुसतो. यंत्र पुन्हा सांगतं, हा माणूस तो नव्हे. काउंटरमागचा पोरगा माझ्यावर चोरावर ठेवावी तशी नजर ठेवतो. मला वाटतं, त्याला सांगावं की बाबा रे, तुझं यंत्र काय घेऊन बसलास, या हातांनी एकदा सगळ्या गावासमोर, लष्कराच्या कर्नलसमोर, स्मारकाच्या पायरीवर रायफल पाडायची वेळ आणली होती.

आम्ही तेव्हा सोलापुरात बाळीवेशीत राहायचो. अप्पांचं भुसाराचं दुकान होतं आणि दुकानामागे घर, त्यामुळे घरात माणसांपेक्षा पोती जास्त. दारातून आत येताना शेंगदाण्याला वळसा, मग हरभऱ्याला वळसा, मग देवघर, आणि देवघरातल्या धुपाला टाळून स्वयंपाकघर. भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. ती माणसं आपसात तेलुगू बोलायची, आमच्याशी मराठी, आणि त्यांचे माग सकाळी जे सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत खटखट खटखट. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय की वीज जाऊन माग थांबले की अप्पा दचकून गल्ल्यावरून ओरडायचे, "काय झालं रे?" घरात आम्ही मराठी आणि कानडी अशी मिसळून बोलायचो की पाहुण्यांना वाटायचं आम्ही भांडतोय. लाड मराठीत, रागावणं कानडीत, आणि देवाशी दोन्हींत. अव्वा, म्हणजे आमची आई, पातळ भाकऱ्या थापून कडक करून ठेवायची. जेवायला बसलं की ती मोडल्याचा कडाड असा आवाज प्रत्येक ताटातून निघायचा, त्यावरून कोण किती भुकेला आहे ते कळायचं. शेंगांची चटणी उखळात कुटायची, तेल सुटेपर्यंत. त्या चटणीचा वास आजही आला की मला भूक लागत नाही, पाय दुखतो. त्याचं कारण पुढे येईलच.

कॉलेजात आमची कॅडेटांची पलटण होती. मी तिच्यात गेलो ते देशप्रेमानं, असं मी आजवर नातवाला सांगत आलोय. खरं कारण परेडनंतर मिळणारा समोसा. कवायतीत मी इतका वाईट होतो की मला कायम मधल्या रांगेत ठेवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी झाकला जाईन. आमचे उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे हवालदार, साताऱ्याकडचे. उंच, काळेभोर, मिशीला पीळ, आणि आवाज असा की मैदानाबाहेरचा टांगेवालाही सावधान व्हायचा. हुकूम हिंदीतून, शिव्या मराठीतून.

एके दिवशी त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि उंचीवर पोरं वेचायला सुरुवात केली. मंद्रूपच्या पलीकडे, भीमेच्या अंगाला असलेल्या एका गावात स्मारकाचं उद्घाटन होतं. त्या गावचा सिद्धाराम नावाचा जवान उत्तरेकडच्या बर्फात कडा कोसळून गाडला गेला होता. पलटणीनं बरेच दिवस शोधलं, पण देह हाती लागला नव्हता. गावानं वर्गणी काढून वेशीत काळ्या दगडाचा खांब उभा केला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर पहाऱ्याला चार कॅडेट हवे होते. चौघांची उंची एक पाहिजे, एवढीच अट. माझ्या आयुष्यात मला जे काही मानाचं मिळालं ते माझ्या हाडांच्या लांबीमुळे मिळालं. उस्ताद माझ्यासमोर थांबले, वरून खाली पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "दुसरा कुणी ह्या मापाचा असता तर तुला हात लावला नसता, लेका."

आता ती रायफल. आमच्या रायफली जुन्या, जाड लाकडाच्या, खांद्याला खड्डा पाडणाऱ्या, आणि सगळ्या मुक्या. नळीत आडवं भोक पाडून ती बंद केलेली, घोड्याच्या पुढची टाचणी काढून घेतलेली. गोळी आत जायची नाही, आवाज निघायचा नाही. त्या फक्त उचलायला, फिरवायला आणि मान द्यायला. पण उस्ताद म्हणायचे, "जिवंत बंदुकीला भ्यायाला अक्कल लागत न्हाई. मुक्या बंदुकीचा मान राखायला लागती." आणि त्यांचा एक नियम होता. रायफल एकटी जमिनीवर पडता कामा नये. हातातून सुटली तर तिच्याबरोबर आपणही पडायचं, तिच्याशेजारी पालथं, उस्ताद उठ म्हणेपर्यंत.

स्मारकावरची कवायत अशी. आधी सलामी शस्त्र, म्हणजे रायफल समोर उभी धरायची. मग हुकूम येतो, शोक शस्त्र. तेव्हा रायफल हळूहळू उलटी करायची, तिचं तोंड आपल्या डाव्या बुटाच्या टोकावर टेकवायचं, वर आलेल्या दस्त्यावर, म्हणजे एरवी खांद्याला टेकतो त्या लाकडी भागावर, एका हातावर दुसरा हात ठेवायचा आणि मान खाली घालायची. बस. मग पुतळा व्हायचं. बघायला अगदी सोपं. बुटाला पॉलिश, म्हणजे टोक गुळगुळीत. नळीचं तोंड लोखंडी, तेही गुळगुळीत. त्यावर तोलून उभी असलेली जड रायफल, आणि ती धरायची नाहीच, फक्त हात ठेवायचे. आणि माझे हात म्हणजे नुकतेच पाण्यातून काढलेले मासे.

पहिल्याच सरावात ती पडली. मीही पडलो, नियमाप्रमाणे. शेजारच्या कोपऱ्यावर रफीक होता, माझा दोस्त, विजापूर वेशीतला. तो मान खाली घालूनच पुटपुटला, "हाथां हैं की नल हैं रे तेरे?" दुसऱ्या सरावात पुन्हा पडली. उस्ताद जवळ आले, माझे दोन्ही तळहात उलटे करून पाहिले आणि स्वतःची बोटं विजारीला पुसली. "हे बघ," ते पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, म्हणजे मी जास्तच घाबरलो, "मैदानात पडली तर मी हाय. तितं त्या जवानाची आई आसंल समोर. तिच्या पुढ्यात पडली तर मी काय करू, तिला म्हनू का की पोराच्या हाताला पाणी सुटतंय?"

त्या वाक्यानं माझं जेवण गेलं. अव्वाला वाटलं मला काहीतरी झालंय. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, वाटलं मी प्रेमात पडलोय आणि तिनं दोन दिवस माझ्या वह्या तपासल्या. शेवटी मी खरं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या मांडीवरचं गव्हाचं सूप कलंडलं. पण अक्का कामाची. तिनं उखळातलं मुसळ काढलं, माझ्या हातात दिलं, देवघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि घशातून उस्तादांचा आवाज काढून ओरडली, "शोऽऽक शस्त्र!" मी मुसळ उलटं केलं, डाव्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं, वर हात ठेवले, मान घातली. पायात बूट नव्हता. मुसळाला खाली लोखंडी कडं होतं. नेमके तेव्हाच वीज जाऊन शेजारचे माग थांबले, आणि त्या एकदम पसरलेल्या शांततेत आधी मुसळ माझ्या अंगठ्यावरून फरशीवर आपटलं आणि मग मी बोंबललो. सगळी गल्ली दारात आली. अप्पा दुकानातून धावत आले, मला एका पायावर नाचताना पाहिलं, आणि अक्काला म्हणाले, "ह्याला सैन्यात घेतलं तर शत्रूला काय काम राहील गं?"

पण त्याच अप्पांनी, नकळत, मला मार्ग दाखवला. सकाळी अंघोळीनंतर ते देवापुढे बसून कपाळाला विभूतीचे पट्टे ओढायचे. दंडाला, छातीलाही. मी शेजारी बसून बघत होतो, अंगठ्याला फडकं बांधून. पट्टे ओढून झाल्यावर त्यांनी बोटं एकमेकांवर घासली आणि खसखस असा कोरड्या कागदासारखा आवाज आला. माझ्या डोक्यात दिवा पेटला. ते दुकानात गेले तसा मी विभूतीची गोळी उचलली, दोन्ही तळहातांवर घासली आणि मुसळ धरलं. काय सांगू! मुसळ हाताला असं चिकटलं की सोडवत नव्हतं. मी शोक शस्त्र केलं, मनात शंभरपर्यंत मोजलं, देवघराची सावली, थंड फरशी, मुसळ तसूभर हललं नाही. मी ही युक्ती कुणालाच सांगितली नाही. अक्काला तर मुळीच नाही. सांगितलं असतं तर तिनं पुढची गोष्ट मला तिथंच ऐकवली असती. कोरड्या राखेनं भांडं हातात घट्ट बसतं आणि राख ओली झाली की तेच भांडं साबणासारखं निसटतं. पण ते कळायला जन्मात एकदा तरी भांडी घासावी लागतात.

समारंभाच्या सकाळी ट्रकमधून निघालो. रायफली मध्ये आडव्या, आम्ही बाजूंच्या फळ्यांवर. ज्वारीचं रान दोन्ही बाजूंना, थंडी संपत आलेली, ऊन तापायला लागलेलं. माझ्या खिशात विभूतीची पुडी. मी तिच्यावर हात ठेवून होतो आणि पुडीचा कागद हळूहळू ओला होतोय हे मला जाणवत होतं. रफीक गाणी म्हणत होता. मला त्याचा राग येत होता, कारण ज्याचे हात कोरडे आहेत त्यालाच गाणी सुचतात.

गाव वेशीपासून सजलं होतं. रांगोळ्या, पताका, शाळेची पोरं, ध्वनिक्षेपकावर देशभक्तीची गाणी, आणि खांबाभोवती चुन्याची रेघ. सरपंच मात्र घामाघूम होऊन फिरत होते. पहिला हार गौरव्वानं घालायचा होता, म्हणजे सिद्धारामच्या आईनं, आणि ती घराबाहेर यायला तयार नव्हती. आम्हाला हातपाय धुवायला तिच्याच अंगणात पाठवलं होतं. ती ओसरीवर बसली होती. ठेंगणी, सुकलेली बाई, डोक्यावर पदर, कपाळावर विभूतीचे पट्टे. रफीकनं पाणी मागितलं तर तिला कळलं नाही. मी कानडीत सांगितलं तशी तिनं मान वर केली. तिथून पुढचं सगळं बोलणं कानडीत झालं. मी इथं मराठीत लिहितोय, पण तिचा आवाज अजून कानडीतच ऐकू येतो.

"आपल्यातलाच हैस व्हय?" तिनं विचारलं. "कुणाचा?"

मी अप्पांचं नाव, दुकान, गल्ली, सगळं सांगितलं.

"आन् तितं काय करनार तू बंदूक घेऊन?"

मी जरा छाती काढून सांगितलं. बंदूक उलटी धरायची असती, अव्वा. तिचं तोंड जमिनीकडं. माणूस गेला की तिलाबी मान खाली घालावी लागती.

तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यात गेलेल्याला मातीत बसवत्यात. इभूत घालत्यात, बेलाचं पान ठेवत्यात. मी माझ्या हातानं सासऱ्याला घातली, नवऱ्याला घातली. पोराला न्हाई. तो तितं बर्फात तसाच. आन् हे मला म्हनत्यात, चल, दगडाला हार घाल. दगडाला कशाला घालू? त्यो काय दगडात हाय?"

  मी म्हणालो, "अव्वा, आमी चौघं उभं हाय. या की." हे मी का म्हणालो कोण जाणे. तिनं यावं असं मनातून मला मुळीच वाटत नव्हतं. ती आली नसती तर रायफल पडली तरी निदान तिच्या पुढ्यात पडली नसती. माझी चिंता तिच्या दुःखापेक्षा मोठी होती, कारण ती माझी होती. ती उठून आत गेली. आम्ही निघालो.

ट्रकच्या आडोशाला मी पुडी उघडली आणि दोन्ही तळहात पांढरेधोप करून घेतले. रफीकनं पाहिलं. "क्या रे, तबला बजाने जा रा?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. रायफल उचलली. पकड अशी घट्ट, की मला पहिल्यांदा वाटलं, आज आपण तरलो.

आम्ही चौघे खांबाच्या चार कोपऱ्यांवर, खांबाकडे पाठ करून उभे राहिलो. माझा कोपरा पायरीशेजारचा. मग भाषणं. सरपंच, शाळेचे गुरुजी, आणखी कुणी. ऊन डोक्यावर आलं. मानेवरून घामाची धार पाठीत उतरली आणि तिच्या पाठोपाठ तळहातांनी आपलं काम सुरू केलं. आधी ओलसर वाटलं. मग चिकट. मग अगदी गार आणि मऊ. मी मान न हलवता खाली पाहिलं तर दस्त्याच्या काळपट लाकडावर माझ्या पाचही बोटांचे पांढरे ठसे उठले होते, भिंतीवर शेणाचे उठावेत तसे. समोर उद्घाटनाला आलेले कर्नलसाहेब उभे होते, उत्तरेकडचे, गोरे, पांढऱ्या मिशांचे. त्यांची नजर त्या ठशांवर आली, थांबली आणि पुढे गेली. उस्तादांची आली ती पुढे गेली नाही.

तेवढ्यात गर्दीत हालचाल झाली. गौरव्वा आली होती. तिच्या हातात सरपंचांचा हार नव्हता, पदराखाली शेवंतीची दोन फुलं आणि बेलाचं पान होतं. ती माझ्या शेजारून पायरी चढली. मागे काय केलं ते मला दिसलं नाही, माझी पाठ होती. खूप वेळ लागला तिला. सरपंचांनी घड्याळ पाहिलं, उस्तादांकडे खूण केली. ती उतरायला वळली, पायरीवर माझ्या अगदी शेजारी आली, आणि हुकूम आला.

"शोऽऽक... शस्त्र!"

चार रायफली उलट्या झाल्या. बिगुल वाजला. सगळं गाव जिथल्या तिथं थांबलं, त्यात तीही थांबली, माझ्यापासून हातभर अंतरावर. आता मला दिसत होतं ते एवढंच. माझा डावा बूट, त्याच्या टोकावर नळीचं तोंड, आणि शेजारी तिचे दोन पाय, अनवाणी, भेगाळलेल्या टाचांचे. बिगुल संपला. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली.

या वयापर्यंत मी दोन ऑपरेशनं सोसलीत, एका मुलीचं लग्न केलंय, एकदा रेल्वेत चुकून दुसऱ्याच्या प्रेताबरोबर रात्र काढलीय. पण काळजी कशाला म्हणतात ते मला त्या दोन मिनिटांत कळलं. दस्त्यावरची राख आता पिठल्यासारखी झाली होती. मी दाबून धरावं तर हात सरकत होते, सैल सोडावं तर रायफल. मला ती सरकताना दिसत नव्हती, ऐकू येत होती. बुटाच्या चामड्यावर लोखंडाची अगदी बारीक कुरकुर. नळीचं तोंड टोकावरून काठाशी आलं. मी मनात सगळे देव आठवले, रफीकचा धरून. मग हिशेब सुरू केला, नियमाप्रमाणे पडायचं तर कुठं पडायचं? डावीकडे पडलो तर त्या माउलीच्या पायांवर, पुढे पडलो तर कर्नलच्या. तेवढ्यात तोंड निसटलं. रायफल कलली. माझ्या हाताखालून दस्ता गेला, गार माशासारखा गेला.

आणि थांबला. माझ्या हातांखाली आणखी दोन हात होते. लहान, खरखरीत, उन्हात वाळवलेल्या लाकडासारखे कोरडे.

"बिडब्याड, तम्मा," ती पुटपुटली. सोडू नको, बाळा.

तिनं रायफल सरळ केली. नळी पुन्हा माझ्या बुटावर आली. आम्ही दोघं त्या दस्त्यावर हात ठेवून उभे राहिलो, माझे हात वर, तिचे खाली.   गावाला वाटलं असेल हे असंच असतं. मी तिचे पाय बघत होतो. ते अजिबात हलले नाहीत. मला वाटतं, चार कोपऱ्यांवरच्या आम्हा सगळ्यांत पुतळ्यासारखी उभी ती एकटीच होती.

दुसरा बिगुल वाजला. उस्तादांचा आवाज आला, "सलाऽऽमी शस्त्र!"

तीन रायफली वर गेल्या. चौथी गेली नाही. गौरव्वानं ती सोडलीच नाही. मी हलकेच वर घेऊन पाहिलं, तिची पकड आणखी घट्ट झाली. मला तिला सांगायचं होतं, सोडा अव्वा, पण अंगातलं सगळं पाणी हातांत गेलं होतं, घशाला थेंब उरला नव्हता. ओढली असती तर सुटली असती. ती काय, मूठभर बाई. पण कर्नलच्या समोर, हुकूम झालेला असताना, मी मान खाली घालून तसाच राहिलो. शौर्यानं नव्हे. मी घाबरलो होतो, आणि तिला घाबरणं मला उस्तादांना घाबरण्यापेक्षा जास्त जवळचं वाटलं. माझी आई रागावली की जसं वाटायचं तसं.

त्या वेळी उस्तादांनी जे केलं ते कवायतीच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मला त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मग पुन्हा तोच हुकूम, या वेळी कितीतरी हळू. "शोऽऽक... शस्त्र." तिघांच्या वर गेलेल्या रायफली पुन्हा खाली आल्या, उलट्या झाल्या, माना खाली गेल्या. सगळं गाव पुन्हा गप्प. बिगुलवाल्याला कळेना वाजवायचं की नाही, त्यानं बिगुल ओठांपासून अर्धा खाली घेतला.

गौरव्वानं मान फिरवून एक एक कोपरा पाहिला, हे मला नंतर रफीकनं सांगितलं. मग तिनं एक हात काढला, मग दुसरा. हातांकडे बघितलं. दोन्ही पांढरे झाले होते. वास घेतला. मग ती पुन्हा पायरी चढली आणि माझ्या पाठीमागे, ज्या ठिकाणी नाव कोरलं होतं तिथं, तळहात फिरवत राहिली. रफीकनं त्याच्या कोपऱ्यावरून चोरून मान वळवली म्हणून त्याला तेवढं दिसलं. तो फाजील पोरगा. पण ट्रकमध्ये ते सांगताना तो एकदाही हसला नाही, आणि परतीच्या वाटेवर त्यानं गाणंही म्हटलं नाही.

जेवण तिच्याच अंगणात होतं. पंगत बसली. कडक भाकरी, येसर मसाल्याची आमटी, वर हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर. कर्नलसाहेब सगळ्यांबरोबर खाली बसले, भाकरी कशी मोडायची ते सरपंचांकडून शिकले. उस्ताद त्यांच्या शेजारी. मी शक्य तितका लांब, ओसरीच्या खांबाच्या आड.  हुकूम मोडला होता, राख फासली होती, रायफल पाडायच्या बेतात आणली होती. मला पलटणीतून काढतील, अप्पांना बोलावतील, आणि अक्का जन्मभर हसेल.

"वो लड़का," कर्नल म्हणाले. "इधर आओ."

गेलो. हात विजारीला पुसत.

"माँ जी से पूछो," ते शांतपणे म्हणाले, "उन्होंने रायफल क्यों पकड़ी थी?"

गौरव्वा आमटीचं भांडं घेऊन वाढत होती. मी तिला कानडीत विचारलं. तिनं जराही विचार न करता सांगितलं, "आन् काय करू? पडत हुती की. ह्या पोराचे हात कसे गिळगिळीत. पोराच्या दगडावर बंदूक पडू दिऊ व्हय?"

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? मी कर्नलकडे वळलो, चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि म्हणालो, "सर, माँ जी कहती हैं, उनको बेटे की बहुत याद आयी."

साहेबांनी मान हलवली. डोळे खाली घातले. मी मनात देवाचे आभार मानले. इतक्यात शेजारून भाकरी चावत असलेले उस्ताद, वर न बघता, म्हणाले, "नहीं साहब. कह रही है, लड़का रायफल गिरा रहा था. इसके हाथ साबुन जैसे हैं. इसलिए पकड़ी."

माझ्या पायांखालची जमीन गेली, आणि ती रायफलीमुळे गेली नाही. साताऱ्याच्या या माणसानं बेळगावात इतकी वर्षं काढली होती की त्याला कानडी घरच्यासारखी येत होती, आणि हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. गेली दोन वर्षं परेडवर, त्यांच्या नाकासमोर, मी त्यांच्याबद्दल कानडीत जे काही पुटपुटलो होतो ते सगळं एकदम आठवलं. त्यांच्या मिशीबद्दलचं तर फारच. पंगतीत हशा पिकला. गौरव्वाला काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तीही पदर तोंडाला लावून हसली आणि माझ्या वाटीत आणखी हुग्गी घातली.

कर्नलही हसले. मग हसू ओसरलं तसे ते तिच्याकडे वळले. आणि म्हणाले, "ठीक है. पर फिर छोड़ी क्यों नहीं?"

या वेळी त्यांनी मला विचारलं नाही, उस्तादांना विचारलं. उस्तादांनी तिला विचारलं, कानडीत, अगदी अदबीनं, एखादा आपल्या आईला विचारेल तसं.

तिनं भांडं खाली ठेवलं. पदरानं हात पुसले.

"समद्यांनी खाली केली," ती म्हणाली. "मग वर केली. मग परत खाली केली. मी बघत हुते की. पर सोडायचं कवा, ते मला कुनी सांगितलंच न्हाई."

कर्नल उस्तादांकडे बघत वाट पाहत होते. उस्तादांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि भाषांतर केलं नाही. साहेबांनीही परत विचारलं नाही.